कुंकवाचा शेंदूर कुणी केला?

मावशीने पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला नाही, आपटलाच.

“बाबू, हे काय करून दिलंस? पोरीच्या मळवटात शेंदूर भरलास व्हय? मारुतीवानी दिसायलीय ती!”

पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर ताठ बसलेला पोरगा फिस्सकन हसला आणि त्याचा फोटो गेला. मी कॅमेरा खाली ठेवला आणि पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. मावशी खरं बोलत होती. नवरीच्या कपाळावरचा मळवट केशरी दिसत होता, हातातला हिरवा चुडा काळपट पडला होता आणि हळदीचं पातळ पिवळं सोडून झेंडूकडे सरकलं होतं. लग्न २००६ सालचं. शूटिंग माझं, मिक्सिंग माझं, डीव्हीडीही मीच करून दिलेली. आता मावशीच्या घरात डीव्हीडी प्लेअर उरला नव्हता, पोरगी पुण्याला, तिला मोबाइलवर लग्न बघायचं होतं. म्हणून डिस्कची फाइल करून दिली होती. वरून “मावशी, एचडी करून देतो, फुकट,” अशी फुशारकीही मारली होती.

मग मी आमच्या धंद्यातलं सगळ्यांत सोयीचं वाक्य टाकलं. “डिस्क जुनी झाली ना मावशी. रंग उडाला असंल.”

गिऱ्हाइकाला हे पटतं, कारण घरात प्रत्येकाकडे एक उडालेला फोटो असतो. भिंतीवर ऊन येतं तिथला आजोबांचा रंगीत फोटो गुलाबी पडलेला असतो, जुन्या सिनेमांच्या प्रिंटही अशाच गुलाबी पडतात. तिथे खरोखर रंगद्रव्य उडालेलं असतं. डिस्कवर मात्र उडायला रंगच नसतो. तिथे फक्त आकडे असतात. घरी भरलेल्या डिस्कमधलं रसायन वर्षानुवर्षांनी खराब होतं, ओरखडे पडतात, हे सगळं होतं. पण मग चित्र अडकतं, चौकोन-चौकोन होऊन फुटतं किंवा प्लेअर “नो डिस्क” म्हणून मोकळा होतो. टूथपेस्टने घासून आणलेल्या डिस्का मी पाहिल्यात, पुदिन्याच्या वासासकट. आकडा वाचला जातो किंवा जात नाही. चांगला वाचला जाऊन कुंकवाचा तेवढा शेंदूर व्हावा, इतकी हुशार खराबी डिस्कमध्ये होत नाही. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं असं नाही. पण तोंडातून वाक्य निघून गेलं.

मावशी काही ऐकून घेणारी नव्हती. “घरी होता तवर प्लेअरवर चांगलं दिसत होतं की. मागच्या पोळ्यालाच बघितलं.”

दुकानाच्या माळ्यावर एक जुना प्लेअर होता. तो उतरवला, फुंकर मारली, टीव्हीला लावला, तीच डिस्क घातली. कुंकू कुंकवाच्या रंगाचं, चुडा हिरवागार. म्हणजे डिस्क निर्दोष होती आणि गुन्हेगार काउंटरच्या या बाजूला उभा होता.

*

त्या रात्री शटर अर्धं ओढून बसलो. आधी अडाण्यासारखे सगळे उपाय केले. लाल कमी केला, तर कुंकू जरा ताळ्यावर आलं पण नवरदेवाला कावीळ झाली. व्हाइट बॅलन्सची पट्टी सरकवली, तर नवरानवरी ठीक दिसायला लागले आणि मागचा मानस्तंभ गुलाबी होऊन जयपूरला जाऊन बसला.

तिथेच डोक्यात उजेड पडला.

आमचं चारठाणा ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिंतूर तालुक्यातलं हे गाव, जिंतूरहून मंठ्याकडे जाताना लागतं. यादवकाळातली देवळं, गोकुळेश्वराचं मंदिर, बारव आणि मोकळ्यावर एकटा उभा असलेला कोरीव दगडी मानस्तंभ. गावात त्याला कुणी दीपमाळही म्हणतं. आमच्या धंद्याच्या दृष्टीने तो मानस्तंभ म्हणजे फुकटचा सेट. अक्षदा पडल्या, जेवणं झाली की जोडप्याला तिथे न्यायचं, तिला दगडाला टेकून उभं करायचं, त्याला दुरून चालत यायला सांगायचं आणि मिक्सिंगला त्यावर गाणं टाकायचं. किती जोडपी तिथे चालत आली, त्याची मोजदाद नाही.

तर दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या. एकीत डिस्क, दुसरीत माझी फाइल, दोन्हींत तीच फ्रेम. तोवर मी काय बदललं ते बघत होतो. आता काय बदललं नाही ते बघायला लागलो. मानस्तंभाचा काळा दगड दुपारच्या उन्हात राखाडी दिसतो, तो दोन्हीकडे तंतोतंत तेवढाच राखाडी. नवरीच्या मामाची टोपी दोन्हीकडे पांढरी, नवरदेवाचे बूट काळे. बिनरंगाची वस्तू जागची हललेली नव्हती. हललं होतं ते फक्त रंगीत.

हा पुरावा फार मोलाचा आहे. शूटिंगच्या वेळी व्हाइट बॅलन्स मारायचा राहिला असता तर मामाची टोपी निळी किंवा पिवळी पडली असती. काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्या चुकल्या असत्या तर बूट करडे झाले असते. टोपी, बूट, दगड तिघेही जागेवर आणि कुंकू तेवढं पळालेलं, याचा अर्थ एकच. आकडे बरोबर आहेत, पण ते चुकीच्या कोष्टकाने वाचले जातायत.

डिस्कवरचं चित्र लाल-हिरवा-निळा असं साठवलेलं नसतं. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: एक उजेडाचा, दुसरा निळ्याकडे किती झुकला त्याचा, तिसरा लालाकडे किती झुकला त्याचा. दगड कुठेच झुकलेला नसतो, म्हणून त्याचे शेवटचे दोन आकडे शून्य. प्लेअर या आकड्यांना ठरलेल्या गुणकांनी गुणून पडद्यावरचा रंग काढतो. गुणक चुकला तरी शून्याला कशानेही गुणा, शून्यच. म्हणून दगड सुटला आणि सगळ्यांत जास्त लालाकडे झुकलेलं कुंकू सापडलं.

आता हे गुणक दोन प्रकारचे का? त्याला आमच्याच भागातला दाखला आहे. आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेव्हा इकडे निजामाचा हाली सिक्का चालायचा आणि पलीकडे इंग्रजांचा कलदार. सात हाली रुपयांचे सहा कलदार, असा हिशेब. चिठ्ठीवर नुसतं “रुपये शंभर” लिहिलेलं असेल आणि पुढे हाली की कलदार ते नसेल, तर वाचणारा आपल्या गावच्या सवयीने वाचणार. आकडा खरा, कागद खरा, तरी व्यवहारात खोट.

व्हिडिओतला हाली म्हणजे बीटी ६०१. १९८२ साली ठरलेला, जुन्या टीव्हीच्या आकाराच्या चित्रासाठी. डीव्हीडी याच हिशेबाने भरतात. कलदार म्हणजे बीटी ७०९, १९९० चा, एचडीसाठी. ६०१ उजेडाच्या बेरजेत लालाला २९.९ टक्के वाटा देतो, ७०९ देतो २१.२६ टक्के. त्यामुळे निव्वळ लाल रंगाचा उजेडाचा आकडा ६०१ मध्ये ८१ लिहिला जातो आणि ७०९ मध्ये ६३. आता ८१ वाला लाल ७०९ च्या गुणकांनी वाचा: लाल टोकाला जाऊन भिडतो आणि जिथे हिरवा शून्य हवा तिथे २५५ पैकी साधारण २५ इतका हिरवा घुसतो. लालात हिरवा घुसला की केशरी. हा मावशीचा शेंदूर. आणि ६०१ चा हिरवा तसाच ७०९ ने वाचला तर साधारण सहाव्या हिश्श्याने मंदावतो. हा काळपट चुडा.

मी काय केलं होतं? डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६. फुशारकीच्या नादात ते ताणून १९२० बाय १०८० केलं. आकडे हालीतलेच ठेवले आणि फाइलवर ‘हाली’ अशी पाटीच लावली नाही. मोबाइलने चित्राचा आकार पाहिला, एवढं मोठं चित्र म्हणजे एचडीच, असं धरलं आणि सरळ कलदारने वाचलं. बहुतेक प्लेअर पाटी नसेल तर आकारावरून असाच अंदाज बांधतात. हे ‘एचडी’ फुकट दिलं होतं हेच बरं, पैसे घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

उपाय पाच मिनिटांचा निघाला, शोधायला मात्र पहाटेचे तीन वाजले. एफएफएमपेग नावाचं फुकटातलं हत्यार आहे, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या. त्यात कलरमॅट्रिक्स नावाची चाळणी आहे. तिला ६०१ चं ७०९ कर म्हणून सांगितलं की ती प्रत्येक ठिपक्याचे आकडे खरोखर नव्या चलनात बदलते. मग फाइलवर ७०९ ची पाटी लावायची. आकडे न बदलता नुसती पाटी लावली तर ती खोटी पाटी. पाटी न लावता नुसते आकडे बदलले तर पुन्हा वाचणाऱ्याच्या मर्जीवर. दोन्ही हवं.

पण आता मी तेही करत नाही. चित्र मोठंच करत नाही. ७२० बाय ५७६ चं आहे ना, तसंच राहू देतो, एच २६४ मध्ये दाबतो आणि पाटीवर जुनं चलन स्पष्ट लिहितो. मोबाइल पडद्याएवढं चित्र स्वतःच ताणून घेतो. जे डिस्कमध्ये नाही ते मी कुठून आणणार? गिऱ्हाईक विचारतं, “एचडी आहे ना?” मी म्हणतो, “तुमचं लग्न एचडीच्या आधीचं आहे.” काही जण हसतात, काही दुसऱ्या दुकानात जातात.

*

डिस्का यायला लागल्या तशा भानगडीही तऱ्हेतऱ्हेच्या आल्या.

एकाने वरातीची तक्रार आणली. रात्रीचं आभाळ धुरकट झालं होतं, डीजेच्या गाडीवर जणू धुकं. ही वेगळी भानगड. डिस्कवर काळा म्हणजे शून्य नव्हे, सोळा. पांढरा म्हणजे २५५ नव्हे, २३५. हे न कळवता फाइल केली की सोळा हा सोळाच दिसतो, म्हणजे करडा. मी घाईत कॉन्ट्रास्ट चढवून दिला. त्यांच्या घरच्या टीव्हीने आपल्या बाजूनेही तेच केलं. दोनदा ताणल्यावर आभाळ काळं झालं खरं, पण सावळे वऱ्हाडी त्यात बुडाले आणि फक्त मुंडावळ्या आणि दात चमकायला लागले. पैसे परत.

दिंडीच्या डिस्कमध्ये पताकांना दाते आले होते. पताका हलली की भगव्याच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा. जुना व्हिडिओ एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं विणून ठेवतो, एक सम ओळींवर, एक विषम ओळींवर. त्यात रंगाची नोंद उजेडाच्या मानाने आडवी-उभी निम्मीच. हत्याराला “हे विणलेलं आहे” असं सांगितलं नाही तर ते एका अर्ध्याचा रंग दुसऱ्याच्या अंगावर शिंपडतं. राखाडी दगडावर हे कधी दिसत नाही, लाल-भगव्यावर लगेच दिसतं. आमच्याकडची कुठलीही डिस्क घ्या, लाल-भगवं नाही अशी मिळायची नाही.

नवरदेव जाड झाल्याच्या तक्रारींचा रंगाशी संबंध नाही, त्या सोडून देतो. चौकोनी चित्र लांब पडद्यावर ताणलं की सगळेच बाळसं धरतात.

व्हीसीडीवाल्यांपुढे मात्र मी हात टेकतो. चित्र ३५२ बाय २८८, रंगाची नोंद त्याच्या निम्मी, १७६ बाय १४४. नवरी जरा दूर उभी असेल तर तिची टिकली रंगाच्या एखाद्या ठिपक्यात येते आणि तो ठिपका कपाळाशीही वाटून घ्यावा लागतो. चलन कितीही बरोबर बदला, त्या टिकलीचा रंग कपाळात कालवलेलाच राहणार. व्हीसीडीच्या काळाची एक आठवण मात्र अजून हसवते. मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली, तेव्हा एक मामा तावातावाने दुकानात आले होते. “अख्खा सिनेमा अठ्ठावीसला आणि आमचं लग्न आठशेला कामून? त्यात तर मारामारी बी आहे!” लग्नातही झाली होती, मीच मिक्सिंगमध्ये कापली होती.

रंग एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना सांडण्याचा आमचा इतिहास तसा जुना आहे. प्रभातच्या शांतारामबापूंनी १९३३ च्या ‘सैरंध्री’साठी रंगाचा घाट घातला, कोल्हापुरात चित्रीकरण झालं, रंगीत प्रिंटसाठी फिल्म थेट जर्मनीला गेली आणि तिथून आलेले रंग काही मनासारखे उतरले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाचे रंग जर्मनीत सांडले, तर माझे जिंतूर तालुक्यात सांडले, असं मी स्वतःला समजावतो. फरक एवढाच की त्यांचे परत भरून घेता येणार नव्हते. माझी मूळ डिस्क शाबूत होती.

म्हणून एकच नियम काटेकोरपणे पाळतो. डिस्कवरच्या फायली आधी जशाच्या तशा हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायच्या, मग त्यांच्यावरून पुढचं काय ते करायचं. माझ्या पहिल्या फाइलवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत गेलो असतो तर कुंकवाचा शेंदूर आणि शेंदराचा झेंडू झाला असता.

*

त्या जागरणानंतर मावशी दुसऱ्याच दिवशी आली ती पिशवी घेऊन. पिशवीत लग्नातला शालू, डांबरगोळ्यांच्या वासासकट. “मिळवून बघ,” म्हणाली.

शालू मॉनिटरशेजारी धरला. सुधारलेली फाइल डिस्कशी बरोब्बर जुळत होती, पण शालूशी नव्हे. खरा शालू मोरपंखी, निळसर झाक असलेला. डिस्कवर मंडपातला शालू साधा हिरवा.

“अजून चुकलंय की.”

“नाही मावशी. हे तेव्हाच असं आलंय.”

मंडपात माझा सनगन होता, म्हणजे हॅलोजनचा पिवळा झोत. वर ट्यूबलाइटा, बाजूने येणारं ऊन. मी व्हाइट मारला होता मामाच्या टोपीवर, पण ती झोतात होती आणि शालूवर निम्म्या ट्यूबलाइटा. त्यात पॅनासोनिकचा तो कॅमेरा निळसर हिरव्याशी तसाही फटकूनच वागायचा. हे सगळं त्या डिस्कमध्ये त्या दिवशीच गोठलेलं आहे. ते आता शालूवर नेऊन बसवायचं म्हटलं तर चेहऱ्यांचं काय करायचं? मी मावशीला सांगितलं, मी डिस्कचं देणं लागतो, शालूचं नाही. तिला हे पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, बाजारात भेटली की ऐकवते.

मग तिने खुर्ची ओढली. “चालू कर. सगळं बघून घेते, मंग पैसे.”

आदल्या रात्रीची हळद लागली. ते लोडशेडिंगचे दिवस. अंगणात जनरेटर धडधडत होता आणि त्याचा दाब उतरला की हॅलोजन मंद होऊन आणखी पिवळा पडायचा. पडद्यावर तेच सुरू झालं. हळूहळू अख्खं अंगण तांबूस-पिवळं झालं, मुलीचा चेहरा, भिंत, मुसळ, सगळंच हळदीत बुचकळल्यासारखं. इथे पांढरंही पांढरं राहिलं नव्हतं, म्हणजे ही चूक माझ्या फाइलची नाही, त्या रात्रीची होती. हे मात्र दुरुस्त करता येतं. तेवढ्या तुकड्यापुरता निळा चढवला की झालं.

“मावशी, हे पिवळं काढून टाकू?”

तेवढ्यात चित्राबाहेरून कुणीतरी खच्चून ओरडलं, “अरे डिझेल टाक की त्यात! झोपलास का?” आणि चित्र गपकन उजळलं.

तो आवाज मावशीच्या मालकांचा. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. अख्ख्या डिस्कमध्ये ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेत तीन-चार वेळा, दर वेळी हात जोडून, तोंड मिटून.

“मागं घे,” मावशी म्हणाली. मी मागे घेतलं. अंगण पुन्हा पिवळं पडायला लागलं.

“काही काढू नको. आवाज वाढव.”